कोकणपट्टीतील शहरांचे हिवाळी धुरके : एका रात्रीत दाटते आणि एका दुपारी विरते, ते कशामुळे?

खाडीकाठ (पनवेल)

डिसेंबर उजाडला की पनवेल, कळंबोली, तळोजा या पट्ट्यात हवेची चर्चा सुरू होते आणि ती दरवर्षी एकाच वळणाने जाते. संध्याकाळी डोळे चुरचुरले आणि प्रबळगड दिसेनासा झाला, की आज कोणीतरी काहीतरी सोडले असा निष्कर्ष निघतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आकाश निवळले, की काल तक्रार गेली म्हणून भट्ट्या बंद ठेवल्या असे म्हटले जाते. कधी कधी या दोन्ही गोष्टी खऱ्याही असतील. परंतु सूक्ष्म कणांचे प्रमाण काही तासांत दुप्पट-तिप्पट होणे आणि तितक्याच झपाट्याने उतरणे, याचा उलगडा केवळ उत्सर्जनाच्या चढउतारातून होत नाही. सोमवारी रस्त्यावर जेवढी वाहने असतात त्याच्या तिप्पट मंगळवारी नसतात आणि बांधकामे व चुलीही एका रात्रीत वाढत नाहीत. मग बदलते काय?

माझ्या मते सर्वांत जास्त बदलते ती हवेची मात्रा, म्हणजे धूर ज्या हवेत मिसळतो तिचे आकारमान. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा वर चढते आणि खालचा धूर साधारण हजार मीटर किंवा त्याहून उंचापर्यंत घुसळला जातो. सूर्य मावळल्यावर जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खालीच बसते, तर वरची हवा तुलनेने उबदार राहते. हे तापमानाचे व्युत्क्रमण होय. अशा रात्री मिश्रणाचा थर, म्हणजे ज्या उंचीपर्यंत धूर घुसळला जातो तो थर, शे-दोनशे मीटरांवर येऊन ठेपतो. दुपारी १,००० मीटर असलेला थर रात्री २०० मीटर झाला आणि धूर तेवढाच निघत राहिला, तर नव्याने निघालेल्या धुराला मिसळण्यासाठी एक पंचमांश जागा उरते. आमटी आटली की तेवढ्याच मिठाने ती खारट होते, तसेच हे आहे. त्यातच हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि रस्त्यावरची सर्वाधिक गर्दी त्यानंतरच्या दोन-तीन तासांत असते, म्हणजे थर आक्रसू लागतो नेमका तेव्हाच धूर वाढलेला असतो.

दुसरी बाब वाऱ्याची आहे, आणि इथे कोकणाची गोष्ट दिल्लीपेक्षा किंवा नागपूरपेक्षा निराळी होते. आपल्याकडे दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. या दोहोंच्या मध्ये, दिवसातून दोनदा, वारा पडतो. मतलई वारा खाऱ्या वाऱ्यापेक्षा सहसा दुबळा असतो, आणि पडलेला वारा सकाळी उशिरापर्यंत तसाच राहू शकतो. खारा वारा अकराच्या सुमारास आला तर हवा दुपारपर्यंत मोकळी होते. तोच दोन वाजता आला तर आदल्या रात्रीचा धूर सुमारे तीन तास अधिक रेंगाळतो. मुंबईतल्या हिवाळ्यात असे दिवस ओळखणे कठीण नाही, कारण खारा वारा लांबला की कमाल तापमानही वर जाते.

तिसरी गोष्ट भूरचनेची. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, महाड सावित्री-गांधारीच्या खोऱ्यात आहे, चिपळूण वाशिष्ठीच्या खोऱ्यात आहे. रात्री सह्याद्रीच्या उतारांवरून थंड हवा ओघळून खोऱ्यांत साचते, त्यामुळे तिथले व्युत्क्रमण अधिक घट्ट आणि अधिक काळ टिकणारे असते. उलट रत्नागिरी शहराचा मोठा भाग समुद्राला उघड्या असलेल्या कातळी सड्यावर, म्हणजे पठारावर आहे, म्हणून तिथली हवा लवकर निवळते.

महाड, लोटे आणि तळकोकणातील सभासदांचे अनुभव वाचायला आवडतील.

सडेकर (रत्नागिरी)

लेख पटला, परंतु एक शंका आहे. सगळा दोष हवामानाला दिला की धूर सोडणारा आपोआप सुटतो. वारा पडला होता, आम्ही काय करणार, हे उत्तर आपण अनेक ठिकाणी ऐकले आहे.

खाडीकाठ (पनवेल)

शंका रास्त आहे. हवामानामुळे प्रमाण किती वेगाने बदलते हे ठरते, पण ते मुळात कुठल्या पातळीवरून बदलायला सुरुवात होते हे उत्सर्जनच ठरवते. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत जे धुरके बसले, त्यात थंडीमुळे घरोघरी कोळसा काहीसा अधिक जळाला असेल, पण निर्णायक ठरले ते शहरावर ठाण मांडून बसलेले जास्त दाबाचे क्षेत्र आणि पडलेला वारा. सुरुवातीच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली आणि नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. तेव्हा हवामानाचे कारण सर्वांना ठाऊक होते, तरी ब्रिटिश संसदेने १९५६ मध्ये कायदा केला तो कोळशाच्या धुराविरुद्ध. वारा वर्षातून काही दिवस पडणारच आहे, हे गृहीत धरून उत्सर्जनाची मर्यादा आखायला हवी. सरासरी दिवसाच्या हिशेबाने आखलेली मर्यादा अशा रात्री पुरत नाही.

प्रयोगशाळा (महाड)

रसायनशास्त्राची बाजू या धाग्यात अजून आलेली नाही, आणि वेगाने होणाऱ्या बदलांमध्ये ती दुय्यम नाही. हवेतील सूक्ष्म कणांपैकी बराच भाग धुराड्यातून किंवा गाडीच्या नळीतून कण म्हणून बाहेर पडतच नाही. तो वायू म्हणून बाहेर पडतो आणि हवेत कण बनतो. कोळसा आणि भट्टीचे तेल जाळल्याने सल्फर डायऑक्साइड निघतो, वाहने आणि बॉयलर यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, तर शेण, सांडपाणी आणि युरिया यांतून अमोनिया येतो. यांच्यापासून अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट तयार होतात.

आता वेगाचा मुद्दा. कोरड्या हवेत सल्फर डायऑक्साइडचे सल्फेट होण्यास दिवस लागतात, पण हवा दमट झाली आणि कणांवर पाण्याचा थर चढला की हीच क्रिया त्या थरात फार झपाट्याने होऊ लागते. रात्रीही काम थांबत नाही. नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन यांच्यापासून रात्री डायनायट्रोजन पेंटॉक्साइड बनतो, आणि तो ओल्या कणावर बसला की नायट्रिक आम्ल तयार होते. म्हणजे थर आक्रसल्याने कण दाटतात, दाटलेल्या कणांवर ओल धरते, आणि त्या ओलीत आणखी कण तयार होतात. ही साखळी सुरू झाली की उत्सर्जन न वाढताही प्रमाण चढत राहते.

बीजिंगमध्ये जानेवारी २०१३ च्या कुप्रसिद्ध धुरक्यानंतर या साखळीवर पुष्कळ संशोधन झाले. तिथला आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो : तीन-चार दिवस प्रमाण चढत जाते, कधी काही तासांत उसळी घेते, आणि वायव्येकडून थंड कोरडा वारा आला की काही तासांत कोसळते. शिवाय धुरके दाट झाले की जमिनीवर ऊन कमी पोहोचते, जमीन कमी तापते आणि मिश्रणाचा थर आणखी खाली राहतो. हा उलटा परिणाम आपल्याकडे बीजिंगइतका प्रबळ असण्याची शक्यता कमी आहे, कारण आपले ऊन हिवाळ्यातही कडक असते.

कोकणात या रसायनाला दोन वेगळ्या अटी आहेत. पहिली म्हणजे आपली दुपार. अमोनियम नायट्रेट हा चंचल पदार्थ आहे. तापमान तिशीच्या पुढे गेले आणि हवा कोरडी झाली की त्याचा काही भाग पुन्हा वायुरूप होतो. त्यामुळे डिसेंबरच्या दुपारी कणांचे प्रमाण उतरले म्हणजे ते सर्व वाऱ्याने वाहून नेले असे समजू नये. सल्फेट मात्र असे उडून जात नाही. दुसरी अट म्हणजे समुद्री मीठ. खाऱ्या वाऱ्यासोबत येणाऱ्या मिठाच्या कणांवर नायट्रिक आम्ल बसते आणि सोडियम नायट्रेट तयार होते. हे कण आकाराने मोठे असतात, म्हणून ते पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटरपर्यंतचे कण) पेक्षा पीएम १० (१० मायक्रोमीटरपर्यंतचे कण) मध्ये अधिक दिसतात. समुद्रकाठच्या हवामापन केंद्रावर पीएम १० थोडे वाढले की लगेच रस्त्याच्या धुळीला बोल लावू नये, यासाठी हे सांगितले.

आंबेबाग (देवगड)

आमच्याकडे शहर म्हणावे असे फारसे काही नाही, परंतु हिवाळी धुक्याकडे आमच्याइतके बारकाईने कोणी पाहत नसेल, कारण पौष-माघात मोहोरावर धुके बसले की भुरी आणि करपा या रोगांची धास्ती असते. सांगायचे ते वेगळेच आहे. पहाटेचे धुके आणि धूर यांची सांगड आमच्याकडेही असते. घरोघरी आंघोळीच्या पाण्याची चूल पहाटे पेटते, बागेत गोळा केलेला पातेरा (वाळका पालापाचोळा) सकाळीच जाळला जातो, आणि त्या वेळी वारा अजिबात नसतो. हाच पातेरा दुपारी जाळला तर धूर वर जाऊन पांगतो, पण दुपारी वाऱ्याने आग पसरण्याची भीती असते, म्हणून माणसे सकाळ निवडतात आणि धूर वाडीत भरून राहतो. पातेरा कुजवून खत करणे हा त्यावरचा उपाय आहे, पण मजुरीचा हिशेब केल्यावर बहुतेकांचा हात काडेपेटीकडे जातो, हेही खरे.

पुढे माघ-फाल्गुनापासून भाजावळ, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणे, सुरू होते आणि डोंगरांवर वणवे लागतात. रात्रीचा मतलई वारा हा धूर किनाऱ्याकडे आणतो. शहरांच्या हवेचा विचार करताना हा हंगामी हिस्सा धरला जातो का?

खाडीकाठ (पनवेल)

हिशेबात तो धरायला हवा. भाजावळ ठरावीक आठवड्यांत एकवटलेली असल्यामुळे वार्षिक सरासरीत तिचा वाटा किरकोळ दिसतो आणि एखाद्या रात्रीत मोठा असू शकतो. मात्र डिसेंबर-जानेवारीतल्या उसळ्यांचे कारण म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येणार नाही, कारण तेव्हा ती सुरूच झालेली नसते.

दर्याकिनारा (मुरुड)

पहाटे होडी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना क्षितिजाशी एक तपकिरी पट्टा दिसतो, तो जमिनीवरून आलेला असतो. दुपारी वारा फिरला की तोच पट्टा पुन्हा किनाऱ्याकडे सरकतो. समुद्रावर गेलेला धूर गेला असे शहरात मानले जाते, ते बरोबर नाही.

आकडेमोड (ठाणे)

दर्याकिनारा यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. मतलई वारा दुबळा असेल तर धूर किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर जाऊन थांबतो आणि खाऱ्या वाऱ्यासोबत परत येतो. दरम्यान दमट हवेत मुरून त्यातील वायूंचे कण झालेले असतात. अशा दिवशी खारा वारा येताच हवा सुधारण्याऐवजी आधी तास-दीड तास बिघडते आणि मगच सुधारते.

मी मुख्यतः आकड्यांविषयी लिहितो, कारण अर्धे वाद आकडा कसा तयार होतो हे न पाहिल्याने होतात. भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांक पीएम २.५ आणि पीएम १० यांसाठी २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो. म्हणजे रात्री नऊ वाजता तुमचा श्वास कोंडत असताना पडद्यावरच्या आकड्यात दुपारच्या मोकळ्या हवेचे तासही मिसळलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हवा स्वच्छ झाली तरी आकडा आदल्या रात्रीचे ओझे वाहत असतो. वेगाने होणारा बदल या निर्देशांकात दिसत नाही. तो पाहायचा असेल तर केंद्राची ताशी मोजमापे पाहावी लागतात. दुसरा घोळ असा की काही मोबाईल ॲप अमेरिकी निर्देशांक दाखवतात. पीएम २.५ चे प्रमाण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय निर्देशांक १०० येतो, कारण तीच आपली २४ तासांची मर्यादा आहे, आणि अमेरिकी निर्देशांक १५० च्या वर जातो. एकाच हवेला एक ॲप समाधानकारक म्हणते आणि दुसरे अपायकारक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली २४ तासांची मार्गदर्शक पातळी तर १५ आहे.

आता दोन प्रसंग. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई आणि आसपासच्या भागात आकाश पांढुरके झाले आणि गाड्यांवर धुळीचा थर बसला. ती धूळ पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून आली होती. तिथे मिश्रणाचा थर, वाहने किंवा बांधकामे यांचा संबंध नव्हता. दुसरा प्रसंग २०२२-२३ च्या हिवाळ्याचा. तेव्हा मुंबईची हवा दीर्घकाळ खराब राहिली, आणि काही शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निनाशी (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याच्या स्थितीशी) व त्यामुळे बदललेल्या वाऱ्यांशी जोडला. पहिला बदल एका दिवसाचा होता, दुसरा पूर्ण हंगामाचा, आणि दोन्हींचे मूळ शहराबाहेर होते.

सडेकर (रत्नागिरी)

मग शहरात घातलेल्या निर्बंधांचा उपयोग झाला की नाही हे कसे ठरवायचे? ऑक्टोबर २०२३ अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली, आणि डिसेंबर २०२४ अखेरीस मुंबई महापालिकेने बोरिवली पूर्व व भायखळा भागांतील बांधकामे थांबवली. त्यानंतर हवा सुधारली तर श्रेय निर्णयाचे की वाऱ्याचे?

आकडेमोड (ठाणे)

नुसता आधीचा आणि नंतरचा आकडा पाहून काहीही ठरत नाही, आणि दुर्दैवाने वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा तेवढेच छापले जाते. मिश्रणाच्या थराची उंची आणि त्या थरातील वाऱ्याचा सरासरी वेग यांचा गुणाकार हा हवा किती धूर पांगवू शकते याचे माप मानला जातो. निर्बंधापूर्वीचे आणि नंतरचे असे दिवस निवडावेत की ज्यांत हे माप, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा जवळपास सारखी होती. अशा जोड्यांमध्ये पीएम १० कमी झाले असेल तर बांधकाम थांबवल्याचा परिणाम झाला असे म्हणता येईल. पीएम २.५ मध्ये तेवढा फरक दिसला नाही तर त्याचे आश्चर्य वाटू नये, कारण बांधकामाची धूळ मुख्यतः मोठ्या कणांची असते.

प्रयोगशाळा (महाड)

याला पूरक उदाहरण चीनचेच आहे. २०२० च्या सुरुवातीला कोविडमुळे तिथली वाहतूक जवळपास ठप्प झाली होती, नायट्रोजन डायऑक्साइड प्रचंड घटला होता, तरीही बीजिंग आणि उत्तर चीनमध्ये दाट धुरके पडले. वारा पडलेला होता, आर्द्रता जास्त होती, अवजड उद्योग बऱ्याच अंशी चालू होते, आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी झाल्याने ओझोन वाढून कण बनण्याची प्रक्रिया उलट जोमाने झाली. एकच वायू घटवला की कण त्याच प्रमाणात घटतात हे गणित त्या वेळी चुकले. पण म्हणून निर्बंध निरर्थक ठरत नाहीत. बीजिंगची पीएम २.५ ची वार्षिक सरासरी २०१३ मधील सुमारे ९० वरून २०२१ मध्ये ३३ वर आली, आणि तिथले डोंगर व हवामान तेच आहे.

आपल्याकडेही असे संथ बदल झालेले आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत-६ दर्जाचे इंधन आले आणि त्यातील गंधकाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, आणि न्हावाशेवा बंदरासमोर नांगरलेली जहाजे पाहता हे आपल्याला परके नाही. यांचा परिणाम एखाद्या रात्रीच्या उसळीत शोधून सापडणार नाही.

खाडीकाठ (पनवेल)

सडेकर यांच्या पहिल्या शंकेकडे परत येतो, कारण धूर सोडणारा सुटू नये यासाठी ताशी आकडेच उपयोगी पडतात. संध्याकाळी सहानंतर पीएम २.५, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड एकत्र चढू लागले आणि जवळच्या सर्व केंद्रांवर तसेच दिसले, तर तो आक्रसणाऱ्या थराचा आणि वाहतुकीचा खेळ समजावा. केवळ पीएम १० वाढले आणि पीएम २.५ चे त्याच्याशी गुणोत्तर घसरले, तर धूळ आहे, मग ती जवळच्या खोदकामाची असो की समुद्रापलीकडची. पहाटे आर्द्रता चढत असताना पीएम २.५ हळूहळू वाढले आणि बाकीचे वायू स्थिर राहिले, तर प्रयोगशाळा यांनी सांगितलेली साखळी चालू आहे. आणि एकाच केंद्रावर, एका विशिष्ट दिशेच्या वाऱ्यात, सल्फर डायऑक्साइड एकदम उसळून तासाभरात उतरला, तर मात्र त्या दिशेला कोणते धुराडे आहे हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. तिथे हवामानाची सबब चालणार नाही. तक्रारीसोबत असा आलेख आणि वाऱ्याची दिशा जोडली तर ती मोडीत काढणे कठीण जाते.

नवी पालवी (महाड)

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हवेतील कण मोजणारा स्वस्तातला संवेदक (सेन्सर) बसवण्याचा विचार चालू आहे. वर सांगितलेल्या कामासाठी तो चालेल का?

प्रयोगशाळा (महाड)

कल समजण्यासाठी चालेल, पण तो वायू मोजत नसल्यामुळे वरच्या चारपैकी ज्या तीन खुणांना वायूंचे आकडे लागतात त्या त्यावर ओळखता येणार नाहीत. हे संवेदक कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून वजनाचा अंदाज बांधतात. सरकारी केंद्रांतील यंत्रांत बहुधा आत घेतलेली हवा तापवून ओल काढली जाते. स्वस्त संवेदकात ती सोय नसते. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मिठाचा कण पाणी ओढून विरघळतो, ८० टक्क्यांच्या आसपास अमोनियम सल्फेटचेही तेच होते, आणि फुगलेला कण अधिक प्रकाश विखुरतो. त्यामुळे पहाटे संवेदकावरचा आकडा खऱ्या वजनाहून बराच जास्त दिसू शकतो, आणि डोळ्यांना दिसणारे धुरकेही त्याच कारणाने अधिक दाट वाटते. शक्य असल्यास तो संवेदक आधी काही आठवडे एखाद्या अधिकृत केंद्राशेजारी ठेवून दोन्ही आकड्यांची तुलना करून घ्यावी. गच्चीवर बसवताना जनरेटरच्या आणि स्वयंपाकघराच्या धुरापासून लांब ठेवावा, शेजारी आर्द्रतामापक लावावा, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांहून अधिक असलेल्या तासांची नोंद आलेखात वेगळ्या रंगाने करावी. आपल्या खोऱ्यात डिसेंबरच्या पहाटे असे तास बरेच निघतील.